नाझमियेआजीला ऐकू जाईल असा कीबोर्ड

पेरिहानचा टाइपरायटर मंगळवारी सकाळी, कुणाच्या तरी हरवलेल्या मेंढ्यांच्या अर्जाच्या मधोमध, मेला. एक काडी वर गेली ती खाली आलीच नाही. वरचा गाडा सरकता सरकता अडकला आणि आत काहीतरी तुटल्याचा बारीक आवाज झाला. पेरिहानने झाकण उघडलं, आत बघितलं आणि झाकण परत लावलं. एकतीस वर्षं एकाच यंत्राबरोबर संसार केलेल्या बाईला नाडी बघायला डॉक्टर लागत नाही. ते यंत्र खोलून परत जुळवू शकणारा जवळच्या शहरात, एदिर्नेत, एकच म्हातारा होता, आणि तो गेल्या थंडीत वारला होता.

आमच्या सारीदेरेत कोर्टासमोर जो चिनार आहे, त्याच्याखाली घडीचं टेबल आणि दोन स्टुलं टाकून पेरिहान बसते. ती अर्जनवीस. वकिलाची पायरी चढायची ज्याची ऐपत नाही, तो तिच्यासमोरच्या स्टुलावर बसतो, बोलतो, आणि ती लिहिते. एके काळी चिनाराखाली असे सहाजण बसायचे. पाच गेले, कुणी वर, कुणी लेकाकडे इस्तंबूलला. पेरिहान हलली नाही. हलणं तिच्या स्वभावातच नाही, हे तिचा नवराही कबूल करायचा, बिचारा.

आता एक गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही, पण आहे ती अशी आहे. आमच्याकडे अर्ज लिहून घेणारा माणूस कागदाकडे बघत नाही, तो कान देतो. अर्जातलं ‘उपरोक्त’ आणि ‘सबब’ त्याच्या डोक्यावरून जातं, पण टाइपरायटरच्या कळा वाजल्या की आपलं म्हणणं कुणीतरी घेतलं, एवढं त्याला समजतं. बायका तर सरळ सांगतात, “ताई, इथे जरा जोरात लिहा, इथे त्याने माझ्या आईचा उद्धार केला.” आणि पेरिहान तिथे जोरात लिहायची. साहेबांचा मायना हलक्या हाताने, शिव्या जोरात. नवशिके वकील हसायचे. हसोत बापडे. त्यांच्यासमोर बसलेला माणूस दोन वाक्यांत गप्प व्हायचा, पेरिहानसमोरचा मन मोकळं करून उठायचा.

टाइपरायटर मेल्याची बातमी चहा थंड व्हायच्या आत समोरच्या शेनेरला कळली. शेनेरचं दुकान रस्त्याच्या पलीकडे: फोटोकॉपी, ओळखपत्राचे फोटो, आणि अलीकडे काचेवर मोठ्या अक्षरांत ‘तयार अर्ज’. तो हात पुसत आला.

“पेरिहानताई, वाईट वाटलं हो ऐकून. पण आता पुरे झालं की. गुडघे बघा, हा वारा बघा. माझ्याकडे खुर्ची देतो, हीटरजवळची. अर्ज सगळे संगणकात तयार आहेत. तुम्ही फक्त नावं भरायची.”

“आणि माणूस जे बोलतो, ते?”

“बोलू द्यायचं की! बोलू दिल्याने आपलं काय जातं?”

पेरिहान रागावली नाही. खरं सांगायचं तर तिला मोह झाला. एकोणसाठाव्या वर्षी जानेवारीचा वारा घोट्यातून शिरतो आणि मार्चपर्यंत निघत नाही. “शनिवारी सांगते,” ती म्हणाली.

पण बुधवारी तिने आपल्या परीने एक खटपट करून पाहिली. लेकीचा जुना लॅपटॉप, एक छोटा प्रिंटर, आणि हिकमेतच्या चहाच्या टपरीतून ओढलेली वायर. हिकमेत म्हणाला, “ताई, चिनाराला आता अँटेना तेवढी लाव.” ती हसली नाही. लॅपटॉपवर बोटं ठेवताच तिच्या अंगावर काटा आला होता. कळा सपाट, गुळगुळीत, दाबली की नाही तेच कळेना. त्यात कळांची मांडणी क्यू. पेरिहान शिकली होती एफ-मांडणी, आमच्या भाषेसाठी मुद्दाम बसवलेली; ज्या अक्षरांवाचून आमचं पान हलत नाही ती नेमकी बळकट बोटांखाली. व्यापारशाळेत बाई हातांवर फडकं टाकायच्या आणि फडक्याखाली लिहायला लावायच्या. क्यू आली परदेशी संगणकांच्या पाठीवर बसून, आणि कानामागून येऊन तिखट झाली. आता एफ मागितलं तर दुकानदार असं बघतात, जणू घोड्याचा नाल मागितला.

अकराच्या सुमाराला नाझमियेआजी आली. अठ्ठ्याहत्तरीची, नऊ वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेलेली, काठीने रस्त्याला दटावत चालणारी. तिच्या नवऱ्याच्या पेन्शनपासूनचे सगळे अर्ज पेरिहाननेच लिहिलेले. आजीने छातीशी धरलेला कोर्टाचा लखोटा काढला.

“साबरी म्हणाला, विजेच्या बिलाचा कागद आहे, ठेवून दे. मी ठेवला. काल शेजारणीने वाचला तेव्हा कळलं. माझ्या भावाच्या पोराने माझ्यावरच दावा लावलाय गं!”

पेरिहानने वाचलं. साबरीचं म्हणणं, आत्याने सूर्यफुलाचं शेत त्याला दहा वर्षांसाठी खंडाने दिलंय, कागदावर तिचा अंगठा आहे, तरी ती ताबा देत नाही. उत्तराला दोन आठवडे. तारखेवर बोट ठेवून तिने दिवस मोजले. शुक्रवारी मुदत संपत होती. बत्तीस दोनुमचं, जेमतेम आठ एकरांचं ते शेत म्हणजे आजीची भाकरी, आणि भाकरीपेक्षा जास्त, तिची पाठ ताठ ठेवणारी एकुलती एक गोष्ट.

“अंगठा दिलास का तू, आजी?”

“दिला. तू लिही, मी सांगते.”

आजी सांगू लागली आणि पेरिहान लिहू लागली. म्हणजे बोटं शोधाशोध करू लागली. तीन वाक्यं झाली असतील, आजी थांबली.

“लिही की.”

“लिहितेय, आजी.”

“खोटं बोलतेस.”

“अगं, हे नवीन यंत्र आहे, याचा आवाज येत नाही...”

“तेच म्हणाला होता तो!” आजीने काठी फरशीवर आपटली. टपरीवरची माणसं वळून बघू लागली. “साबरी मला म्हणाला, डोळ्यांच्या दवाखान्यासाठी अर्ज करू. एका दुकानात नेलं. गरम कागदाचा वास होता आणि पंखा घरघरत होता. एक माणूस सारखा म्हणे, हो आजी, लिहितोय आजी. मी सगळं सांगितलं. कोणत्या डोळ्याला आधी अंधार आला तेसुद्धा सांगितलं. एक कळ वाजली नाही. मी विचारलं, तर म्हणे नवीन यंत्रं अशीच असतात. मी अंगठा दिला.”

पेरिहानने मान वर केली. रस्त्यापलीकडे शेनेरचं मशीन एकामागून एक गरम कागद बाहेर टाकत होतं. कोर्टाच्या आसपास असा वास येणारं दुकान दुसरं नव्हतं. हीटरजवळच्या खुर्चीचा मोह तिच्या मनातून तिथल्या तिथे उतरला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

“माझ्यावर विश्वास नाही का तुझा?” तिने हळू विचारलं.

“तुझ्यावर आहे गं. साबरीवरही होता.” आजीने लखोटा परत छातीशी घेतला. “मला माझं नाव ऐकू येतं. तुझ्या यंत्रावर सात टोले, मग मधला पोकळ आवाज, मग पाच. नाझमिये किरली, आपल्या लिपीत सात अक्षरं आणि पाच. ते ऐकलं की मला कळतं, आता कागदावर मीच आहे. तेवढं ऐकू आल्याशिवाय मी या जन्मात कशावर अंगठा ठेवायची नाही. शेत गेलं तरी चालेल.”

“शुक्रवारी सकाळी ये,” पेरिहान म्हणाली. “तुला ऐकू जाईल असं काहीतरी आणते. नाही आणलं, तर मी हे टेबल स्वतः फोडून हिकमेतच्या शेगडीत घालेन.”

टाइपरायटर तिने दोन ठिकाणी विचारला. एक मिळाला, एका हॉटेलच्या दारात, त्यात जिरेनियमचं रोप लावलेलं. गुरुवारी पहिल्या मिनीबसने ती लॅपटॉप पिशवीत घालून एदिर्नेला गेली.

संगणकाच्या दुकानाचा मालक तुरगाय, चष्मा कपाळावर आणि शर्टाचं शेवटचं बटण पोटामुळे सुटलेलं. पाय ठेवताच त्याने विचारलं, “कीबोर्ड कशासाठी हवाय, ताई? ऑफिस, गेम, चित्रकला?”

“कोर्टासाठी.”

“मग हा बघा. आवाज शून्य! शेजारी मांजर झोपलं असेल तर कान हलवणार नाही.”

“दुसरा.”

“हा अजून शांत आहे. यजमान झोपले असले तरी...”

“यजमान बारा वर्षांपूर्वी झोपलेत, कशानेही उठायचे नाहीत. मला आवाज हवा.”

तुरगायने चष्मा डोळ्यांवर घेतला. असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. “किती आवाज?”

“अंगणाच्या टोकाला बसलेल्या बहिऱ्याला राग येईल इतका.”

मग त्याने मांडलेले एकेक कीबोर्ड ती तपासू लागली. डोळे मिटायची, बोटं ठेवायची, एक वाक्य लिहायची, आणि मान वर उचलायची. आमच्याकडे ‘नाही’ म्हणायला तेवढं पुरतं. एक फार हलका होता, चिनाराखालच्या वाऱ्यात टेबलावरून चालू लागला असता. एकाच्या कळा पाय पसरून बसल्यासारख्या लांब लांब, तिची करंगळी पोचेना. एकाचा आवाज भक्कम होता, पण दोन शब्दांमधली लांब पट्टीही बाकीच्या कळांसारखीच वाजत होती. “शब्द कुठे संपला ते कळायला हवं,” ती म्हणाली. तुरगायच्या तोंडावर आता हट्ट आला. तो आत गेला आणि धूळ झटकत एक काळं धूड घेऊन आला.

“गेम खेळणारी पोरं नेतात. आईबाप परत आणून देतात.”

पेरिहानने डोळे मिटले आणि लिहिलं. टक, टक, टक. प्रत्येक कळ आधी अडत होती आणि मग फुटत होती, हिवाळ्यातल्या अक्रोडासारखी. मधली पट्टी पोकळ वाजली, रिकाम्या खोक्यावर टिचकी मारावी तशी. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला त्याचा रागही आला, कारण दुकानदारासमोर रडलं की भाव उतरत नाही.

“पण ताई, हा क्यू आहे. एफ नाही यात.”

“लॅपटॉपमध्ये बदलून दे.”

“बदलता येतं हो. पण मग कळेवर छापलेलं एक आणि उमटणार दुसरंच. गोंधळ होईल तुमचा.”

“मी सतराव्या वर्षानंतर कळांकडे पाहिलेलं नाही,” पेरिहान म्हणाली. “कळेवर खोटं छापलेलं असलं तरी चालेल. कागदावर खरं उमटलं पाहिजे.”

किमतीने तिचे डोळे पांढरे झाले, पण ती घासाघीस करत बसली नाही. परतीच्या मिनीबसमध्ये धूड मांडीवर घेऊन बसली आणि कुणी धक्का दिला की त्याच्यावर डाफरली.

एक गोष्ट मात्र तुरगायने सांगितली नव्हती. शुक्रवारी चिनाराखाली वायर जोडताच कीबोर्डच्या पोटातून लाल, हिरवे, जांभळे दिवे धावू लागले. ते बंद कसे करायचे ते पेरिहानला सापडेना.

“ताई, लग्नाचा मांडव घातलास का?” हिकमेत ओरडला.

“घातला. तू आहेर आण.”

शेनेर दारात आला. “पेरिहानताई, हे काय? नातवाचं खेळणं? या वयात शोभतं का?”

“तुझ्या वयात जे शोभत नव्हतं ते तू केलंस, शेनेर. मी काही बोलले का?”

त्याचा चेहरा पडला, कारण चोराच्या मनात चांदणं. तो आत गेला आणि काचेआडून फोन करताना दिसला.

नाझमियेआजी आली, बसली, दोन्ही हात काठीवर ठेवले. “नमस्कार-चमत्कार नंतर. माझं नाव.”

पेरिहानने लिहिलं. सात टोले. पोकळ आवाज. पाच.

आजी हलली नाही. “परत.”

पेरिहानने परत लिहिलं. आजीच्या सुरकुत्यांमध्ये काहीतरी सैल झालं. पण म्हातारी पक्की होती. ती एकदम वाक्य सुरू करायची, “माझा नवरा सेलाहत्तीन...” आणि मधेच तोडायची, कळाही तोडल्या जातात का ते ऐकायला. तोडल्या जायच्या. तीनदा करून पाहिल्यावर ती म्हणाली, “चल, लिही,” आणि जी सुरू झाली ती थांबेना. दवाखान्याचा बहाणा, गरम कागदाचा वास, ‘लिहितोय आजी’. कागद वाचून दाखवला नाही. नोटरी नाही, साक्षीदार नाही. पेरिहानची बोटं तिच्या मागोमाग धावत होती आणि कोर्टात जाणारे लोक थांबून ऐकत होते.

तेवढ्यात साबरीची मोटरसायकल आली. ओठांवर तळलेल्या कलेजीचं तेल तसंच होतं, जेवणावरून उठून आला होता.

“आत्या! घरातलं भांडण रस्त्यावर? लोक बघतायत.”

“बघू देत. मला नाही दिसत ते.” आजीने मान पेरिहानकडे वळवली. “हा जे बोलेल ते सगळं लिही.”

“वेगळा कागद घेते,” पेरिहान म्हणाली. “पंचनामा. आज शुक्रवार, कोर्टासमोर, चिनाराखाली, इतक्या माणसांदेखत.” आणि तिने लिहायला सुरुवात केली.

“काय लिहिताय तुम्ही?” साबरी म्हणाला. कळा वाजल्या. तो गप्प झाला, कळाही गप्प. “मी काय विचारतोय?” कळा वाजल्या. हिकमेतच्या टपरीतून कुणीतरी खिदळलं. “लिहू नका म्हणतो ना!” हेही टकटकत कागदावर गेलं. साबरीने तोंड उघडलं, आवाज न काढता मिटलं, आणि पेरिहानची बोटं हवेत तशीच थांबून राहिली. बोलेल तर वाजेल, असं त्याला आता कळलं होतं. आयुष्यभर बोलून बोलून लोकांना गुंडाळणाऱ्या माणसाची ही पंचाईत पाहण्यासारखी होती.

“बोल ना, साबरी,” आजी म्हणाली. “माझ्याशी बोलताना तर तुला दम लागत नव्हता. तो कागद मला वाचून का दाखवला नाहीस?”

शेनेर रस्ता ओलांडून आला होता. त्याने साबरीची बाही ओढली, “चल, गप्प बस.” पण लोक हसत होते आणि साबरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

“हो, नाही वाचून दाखवलं!” तो गरजला. “मग काय झालं? आंधळ्या म्हातारीला काय कळणार होतं? शेत काय ती नांगरणार आहे?”

सगळे थांबले. हसणंही थांबलं. त्या शांततेत पेरिहानने ती वाक्यं लिहिली, एकेक अक्षर, अजिबात घाई न करता. ‘आंधळ्या म्हातारीला’ तिने जोरात लिहिलं. जिथे जोरात लिहायचं तिथे जोरात लिहायची तिची सवय होती.

साबरीने टेबलाकडे हात टाकला. हिकमेत मध्ये उभा राहिला, हातात चहाचं तबक, तबकात सहा गरम पेले. “ये पुढे,” तो शांतपणे म्हणाला. “मला काय, चहा पुन्हा करता येईल.”

“चल म्हणतो ना, इथे नको,” शेनेर पुटपुटला.

आजीची मान झटकन वळली. “हा. हाच तो. लिहितोय आजी म्हणणारा. याचंही लिही गं.”

पेरिहानने शेनेरकडे बघितलं. “बोल, शेनेर. बोलू दिल्याने आपलं काय जातं?”

शेनेर पाठ फिरवून रस्ता ओलांडून गेला.

प्रिंटरने कागद बाहेर टाकले. पेरिहानने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, आजीने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. “मला म्हातारी म्हटलंय ते राहू दे, त्याच्या तोंडचं आहे,” असंही बजावलं. पंचनाम्याखाली हिकमेतने सही केली, मेंढ्यांच्या अर्जवाल्याने केली, आणि दोन अनोळखी बायकांनी न सांगता येऊन केली. कोर्टाच्या खिडकीवर दोन साक्षीदारांसमोर आजीने अंगठा दिला. कारकुनाने शिक्का मारला तेव्हा मुदत संपायला अडीच तास उरले होते. निकाल काही आज लागायचा नव्हता, कोर्ट आहे ते. पण आजीचं म्हणणं आता आत होतं, तिच्याच शब्दांत, आणि साबरीचं त्याच्या.

शिक्क्याची प्रत लखोट्याशेजारी छातीशी ठेवून आजी परत चिनाराखाली आली. घरी जायची घाई दिसत नव्हती.

“ते यंत्र इकडे कर.”

पेरिहानने कीबोर्ड तिच्यासमोर सरकवला. आजीने आडव्या हाताने तो चाचपला, गरम भाकरी चाचपावी तसा. तिच्या बोटांखालून लाल-हिरवे दिवे धावत होते.

“मला माझं नाव वाजवायचंय.”

“कळा दाखवू का कुठल्या?”

“नको. मला आकडा येतो.”

आजीने तर्जनी ताठ केली आणि जिथे पडेल तिथे मारली. सात वेळा. मग पेरिहानने तिचा अंगठा लांब पट्टीवर ठेवला, आणि पोकळ आवाज झाला. मग पाच. पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याच भाषेत वाचता आलं नसतं. आकडा मात्र बरोबर होता.

“शेनेरला ऐकू जात असेल का गं?”

“दार उघडं आहे त्याचं.”

“मग परत,” आजी म्हणाली, आणि बाह्या सावरून तिने पुन्हा सुरुवात केली, आता चांगली जोरात. तिसऱ्या खेपेला समोरच्या दुकानाचं दार आतून लागलं. पेरिहानने हिकमेतला दोन चहा सांगितले आणि पुढच्या माणसाला म्हणाली, “थांबा जरा. आजींचं लिहिणं चाललंय.”